शेंड्याकडून

धानोऱ्याहून मुरुमगावकडे जाताना
डाव्या हाताला बांबूचा डेपो.
तिथे सव्वीस वर्षं मोजणीदार होता
माझा मामा, लालसू पोटावी.
शाळा सातवीपर्यंत.

पावसाळ्यात तोड बंद असते.
मग डेपोत तो, एक बॅटरी,
आणि रजिस्टरची उरलेली कोरी पानं.

सातापासून सुरू केलं त्यानं.
सात. फुटत नाही.
उजवीकडे तीन लावला: त्र्याहत्तर. फुटत नाही.
नऊ लावला. सातशे एकोणचाळीस.
मग एक लावून बघितला,
तर सात हजार तीनशे एक्क्याण्णव
एकोणिसानं उभा चिरला.
ते पेर टाकून दिलं, तीन लावला, नऊ लावला…

चौथ्या पावसाळ्यात पानावर उभी होती
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
तिला त्यानं आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंतच्या
एकूण एक मूळसंख्येनं भागून पाहिलं.
हजारावर भागाकार.
प्रत्येकाखाली बाकी,
कोयत्याची धार जाऊन परत यावी तशी.

मला दाखवताना
शेवटच्या तिनावर अंगठा ठेवला.
उरली ती मूळच.
अंगठा सरकला. मूळच.
असं करत करत सातापर्यंत.
"शेंड्याकडून काट, कितीबी काट."

मी म्हटलं, आन् बुडाकडून?

त्यानं सात झाकला.
"अकरानं भाग दे."
दिला. तीन लाख अठ्ठावन्न हजार एकशे तीन.
बाकी काहीच नाही.
मामा खर्रा घोटत राहिला.

पुढे अजून एक आकडा लावायचा
तर लागत नव्हता कुठलाच.
सम लावला तर दोनानं जातो,
पाच लावला तर पाचानं,
एक नि सात तिनानं.
तीन आणि नऊ मात्र दिवाळीपर्यंत झुलवत राहिले,
आणि शेवटी तेही चिरले.
"कटंग फुलला समज," म्हणाला,
"आता वाढत नाही."

गडचिरोलीच्या कॉलेजातले अलोणे सर
आमच्या जीपमधून डेपोवर आले एकदा.
पानं उलटत राहिले बराच वेळ.
मग हळूच म्हणाले, वाईट वाटू नये अशा आवाजात,
हे माहीत आहे, काका.
अशी सगळ्यात मोठी संख्या हीच.
लोकांनी कधीच शोधून ठेवली आहे.

"मले कोनी सांगतलं नव्हतं," मामा म्हणाला.
मग थांबून,
"म्हंजे माझा हिसोब बरोबर हाये."

आणि रजिस्टर फिरवून
त्यांच्यापुढे सरकवलं,
उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं,
जिथं छापलेलं असतं
तपासणाऱ्याची सही.