दुसऱ्या खेपेला

मालवणच्या दवाखान्यात, लॅबच्या खोलीत
मशीनमधून नळ्या काढते: लाल खाली, पिवळं पाणी वर.
आज नऊ पोरं, सगळी एकाच वाडीची,
अंगभर पुरळ, डोळ्यांत चिपडं.
नववं, पावलूचं, माझ्या तोंडावरच शिंकलं.
सिस्टर मागे सरली. मी नाही.
मला सहाव्या वर्षी येऊन गेलाय गोवर.

आता आत काय चाललं असेल, थोडं ठाऊक आहे.
थोडं परीक्षेपुरतं पाठ केलेलं,
थोडं वायंगणीच्या किनाऱ्यावर पाहिलेलं.

आमचा सगुणतातो
खडपावर बसून असायचा, दिवसचे दिवस.
लोक म्हणत, काम ना धाम.
पण पाण्याला तांबूस काळी झाक आली
की टॉवेल उडायचा, "इली रे इली, तारली इली!"
आणि न्हाव्याकडून अर्ध्या दाढीचा बाबल धावायचा,
कुणी पेजेवरून उठून, कुणी भांडण अर्धं टाकून,
रापणीच्या दोराला दहा, मग चाळीस,
मग मोजायचं कशाला.
नवखा गाव
आधी विचारत बसला असता,
सावली की मासा?

तशी कुठलीशी पेशी, काखेतल्या गाठीत,
पंचवीस वर्षं काम ना धाम.
कुणीतरी आणून दाखवतं तिला एक तुकडा,
खवल्याएवढासुद्धा नाही.
ती म्हणते, हा? ह्याला ओळखते मी.
एकीच्या दोन, दोघींच्या चार.
पंधरा दिवस झाले, मला साधी कणकण नाही.
जेवते. सोलकढी दोनदा मागून घेते.

पण एक गोष्ट फार उशिरा वाचली:
गोवर स्वतःची ओळख ठेवून जातो
आणि जाताना इतरांच्या बऱ्याचशा पुसतो.
त्या वर्षी मला जुनीच दुखणी
नव्यासारखी होत राहिली.
कान, छाती, पोट, पुन्हा कान.
आई म्हणायची, "हिका ह्यां आधी झालां नाय काय?"
झालं होतं.
अंगाला आठवत नव्हतं.
खडप तिथेच, वर बसलेलं कुणी नाही.

म्हणून पावलूच्या पोराच्या कागदावर
रिपोर्टखाली लिहिते, नियमात नसलेलं:
वर्ष-दोन वर्षं जपा. जुना ताप आला तरी नवा समजा.

पावलू कागद उलटा धरतो, सुलटा धरतो,
विचारतो, "बाय, म्हणजे ह्येका सगळा परत पयल्यापासून?"

सगळं नाही, मी म्हणते.
गोवर तेवढा सोडून.