एकास बारा

बाबांची टेप माझ्या दप्तरात असते.
महालातल्या दुकानात तिने
लोकांच्या छात्या मोजल्या, बाह्या मोजल्या.
आता ती जिने मोजते.

भूगोल विभाग, दुसरा मजला.
एक्केचाळीस पायऱ्या,
सगळ्या सहा इंची, शेवटची साडेसात.
गवंड्याला घरी जायची घाई असावी.
(मोजल्या सुकेशनीने. मी खाली खुर्चीत, लिहून घेत.)

सगळ्या देशाची अंतरं जिथून मोजली म्हणतात
त्या शहरात
फाटकापासून फळ्यापर्यंतचं अंतर
कुणी मोजलेलं नव्हतं.

समिती येणार होती, तेव्हा रॅम्प झाला.
तीन दिवसांत, रात्री फोकस लावून.
अडीच फूट चढ, जेमतेम सात फूट लांबी,
वर पोचलात की एक कुंडी, कुंडीत क्रोटन,
क्रोटनमागे कुलूपबंद चॅनेल गेट.
फोटोत छान आला.
एप्रिलात त्याचा लोखंडी कठडा धरवत नाही,
डिसेंबरात त्यावर स्कूटी ऊन खात बसतात.

लिफ्ट आहे. किल्ली निनावे बाबूंकडे.
निनावे बाबू परीक्षा विभागात,
परीक्षा विभाग पहिल्या मजल्यावर.
"मॅडम, बाबू आज आले नाही ना."
मॅडम म्हणजे मी.
आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं,
तेही नाही म्हणताना.

पोरं चांगली आहेत.
देवेश उईके म्हणतो, "उचलून नेतो ना बे,
तुझं वजन ते किती!"
चौघं चार बाजूंनी धरतात,
गणपती नेतात तसे.
फक्त गणपतीला
ओढणी सावरायची नसते.

मग मी कडुलिंबाखालीच थांबू लागले
आणि सुकेशनी फोनमध्ये तास भरून आणू लागली.
पंख्याची खरखर. मागच्या बाकावरचं हसू.
ढोके सर: "समोच्च रेषा जवळजवळ आल्या
की समजायचं, उतार तीव्र."
समजलं, सर. हे मला आधीपासून येतं.
"आता नकाशात बघा, हे इथे."
दोन सत्रं मी ते 'इथे' ऐकलं.
इथे म्हणजे कुठे?

अर्ज केले. नऊ.
दहाव्याला टेपचाच तुकडा जोडला, कापून,
पहिले बारा इंच, टाचणीने:
एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, महोदय.
कापड असतं तर बाबांनी
इतकं आखूड बेतलं नसतं.
बाबा रागावले नाहीत. म्हणाले,
"आता ही तेरापासून सुरू होते, ध्यानात ठेव."

रॅम्प अजून तसाच आहे,
हे सांगितलेलं बरं.
पण लिफ्टची किल्ली आता
झाडू मारणाऱ्या अनसूयाबाईंकडे असते
आणि त्या रोज येतात.

आज वर गेले.
खिडकीतून पाण्याच्या टाक्या, एक घार,
तेलंगखेडीकडची झाडी.
भिंतीवर नकाशा महाराष्ट्राचा,
उभ्या माणसांच्या डोळ्यांना बरोबर.
खुर्चीतून हात वर केला.
सावंतवाडी लागली, कोल्हापूर लागलं,
ताणून ताणून सोलापूर.
नागपूर पार वरच्या कोपऱ्यात.
हाताला लागेना.

"सर," म्हटलं, "खिळा जरा खाली ठोकता?
किती खाली, ते मोजून सांगते.
तेरा वजा करून."