मागे पाणी राहतं

"मागे पाणी राहतं." फोनवर एवढंच.
मोशी ओलांडून चाकणला पोचलो तेव्हा दीड वाजलेला.
गोदामात खिलारेबाई
बंद मशीनवर बसून, किल्ली मुठीत,
अडलेल्या म्हशीपाशी रात्र काढावी तशा.

आधी बॅटऱ्या. सहातल्या दोन कोरड्या.
"पाणी कुठलं घालता?"
"नळाचं. साहेब म्हणाले, पाणी ते पाणी."
पाणी ते पाणी नसतं, बाई.

मग मागचं रबर. कड झिजून
जुन्या चपलेच्या टाचेसारखी गोल.
सोडवलं, उलटं केलं, आवळलं.
"एका रबराला चार कडा असतात.
एक संपली की फिरवायचं."
"चार?"
त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या.
"आम्ही तीन रबरं फेकली की हो."

तरी ओढ नाही.
पाइप काढला, बोटं घातली:
पॅकिंगची प्लॅस्टिकची वळी, लेबलं, केस,
आणि चुरगळलेला एक गेटपास.
बाईंनी फोटो पदराला पुसला.
"हा ढवळे. आम्ही सात जण होतो पुसायला.
मशीन आली, मला शिकवलं,
बाकीच्यांना दिवाळीनंतर येऊ नका म्हणाले."

मी पाइप बसवला. क्लिप लागेना, दोनदा निसटली.

बाई अकराव्या रॅकपर्यंत गेल्या, वळून आल्या.
मागे फरशी कोरडी, दिवे लख्ख उमटलेले.
गेटपास त्यांनी सीटखाली, टूलकिटशेजारी ठेवला.

पावतीवर मी लिहिलं:
बदललेले भाग, काही नाही.