मूळ प्रत

सही माझीच आहे, न्यायाधीशबाई.
हे आधीच कबूल करते, म्हणजे वकीलसाहेबांना
ती झेरॉक्स माझ्या नाकासमोर चौथ्यांदा नाचवावी लागणार नाही.
हा लंगडा 'के' माझा.
फक्त तो लंगडा का, एवढं ऐकून घ्या.

थंडर बे. जानेवारीतला गुरुवार, उणे एकतीस.
हॉकीच्या रिंकबाहेर टाउनोचा ट्रक,
हीटर कुरकुरत होता, गरम हवा त्याच्याच बाजूला.
आत ऑस्करचा सराव चाललेला.
टाउनो म्हणाला, केर्तू, अकरा पानं आहेत,
शेवटच्या पानावर पिवळी चिठ्ठी लावलीय, तिथे कर.
पोरगा बाहेर यायच्या आत उरकू.
त्याच्यासमोर तमाशा नको.

तमाशा तर मलाही नको होता.

पेन रात्रभर डॅशबोर्डवर पडलेलं, शाई गोठलेली.
मी टोक तोंडात धरलं, तापातल्या मुलाला थर्मामीटर देतात तसं,
तरी 'के'ची उभी रेघ उमटलीच नाही.
पुढची अक्षरं आली, फिकट, एकमेकांना धरून.
वर छापलंय: दोन्ही पक्षांनी, स्वेच्छेने, समजून उमजून.
पक्ष दोन होते खरे.
समज त्या सीटवर मावली नाही.

आणि साक्षीदार म्हणून रेयोची सही बघा.
माझा दीर; म्हणजे होता.
निळीभोर, गुळगुळीत, शेपटीला झोकदार वळण.
उबदार स्वयंपाकघरातली सही आहे ती,
शेजारी कॉफी असणार.
काल शपथेवर म्हणाला, मी केर्तूच्या खांद्याशीच उभा होतो.
ट्रकमध्ये उभा, रेयो?

मालमत्तेच्या यादीत बोट आहे. सातशे डॉलर.
बोट बांधायचा धक्का नाही, धक्क्यामागची जमीन नाही,
तिथला सौना नाही, ज्याच्या फळ्या मी दोन उन्हाळे तासल्या.
मग बोट बांधली कशाला होती, बाई? हवेला?

गैरसमज नको. काडीमोड मलाही हवाच होता.
टाउनो परत नको, त्याचं घोरणं नको,
सव्वीस वर्षांचा हिशेबसुद्धा नको.
काडी मोडली, मोडलेलीच राहू दे.
पण दोन्ही तुकडे त्याच्याच खिशात कसे?

झेरॉक्समध्ये ती रेघ दिसायची नाही.
मूळ प्रत मागवा. कागद उजेडात तिरका धरा,
किंवा नुसतं बोट फिरवा:
शाई नाही, खळगा आहे.
केवढं दाबलं होतं ते कळेल.
दाबत कोण होतं, ते ठरवणं तुमचं काम.

*

कारकून मूळ प्रत आणायला गेलाय.
चौदा मिनिटं झाली.
रेयो स्वतःच्या बुटाच्या नाड्या वाचत बसलाय.
टाउनोने खिशातून पेपरमिंटची डबी काढली,
एक गोळी स्वतः घेतली, आणि मग, काही न सुचून,
मधल्या वाटेपलीकडून डबी माझ्यापुढे धरली.
सव्वीस वर्षं चर्चमध्ये धरायचा, अगदी तशी.
मीही घेतली.

हिला संमती समजू नये,
एवढं नोंदवून घ्या.