वीतभर ऊन

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं,
आमच्या गल्लीला एकच नळ.
सकाळी निंगव्वानं माझी कळशी बाजूला सारली,
मीही बोलले,
बोलता बोलता तिच्या मेलेल्या नवऱ्यापर्यंत गेले.

दिवसभर पत्तीच्या भुकटीनं शिंकत
मी तंबाखू कमी, भांडणच जास्त निवडलं.

घरी येऊन शास्त्र उघडलं.
धीर हवा होता, माझ्या बाजूचा.
पण सासूबाईंनी खुणेला ठेवलेलं
चिकोडीच्या लाल बसचं तिकीट
नेमकं त्याच पानावर:
रागाला रात्रीचा मुक्काम देऊ नका.
दुसरं पान काढलं.
डोळे तिकिटावरच.

खिडकीबाहेर
वखारीच्या पत्र्यावर ऊन वीतभर उरलेलं.
वीतभर म्हणजे किती?
भात उतरवून, पदराला हात पुसत
तीन दारं ओलांडण्याइतकं.

"बा अक्का, चहा कुडी," म्हणाले.
पुढचं कन्नड मला येत नव्हतं,
आणि माफीचा शब्द
मराठीतही घशातच अडकला.

निंगव्वा सुपातले तांदूळ निवडत राहिली.
एक खडा काढला, दारात फेकला.
पत्र्यावरचं ऊन आता बोटभर.

मग, वर न बघता,
माझ्याच भाषेत म्हणाली,
"साखर कमी टाक."