दाखल

पुण्याहून खोकं आलं, लष्करात, भर दुपारी.
सुतळी कापली : एकेचाळीस पुस्तकं,
दोन कोपऱ्यांत चेपलेली, आणि बिल.

हरिओम कुशवाह शिक्का मारतो, जांभळा,
पहिल्या पानावर, मग सतराव्या.
तो नावं वाचतो, मी नोंदवहीत चढवते.
बावीस हजार आठशे नऊ. दहा.

अडतो फक्त 'ळ'पाशी.
काळाचा काल करतो, फळ्याचा फला.
मी सुधारते, तो हसतो :
"मॅडमजी, जीभ ही नहीं मुड़ती."
चंबळ मात्र मी सुधारत नाही.
त्याचं गाव आहे तिथं.

इंदापूरकर डोकावले. काही नवं?
सगळं चाळलं, आणि नेले
नव्वद सालचे दोन दिवाळी अंक.

तळाशी एक पातळ पुस्तक, कवितांचं.
पानं अजून चिकटलेली.
हरिओमनं नखानं सोडवली, मोठ्यानं वाचलं :
"एक ओल राखून ठेवली आहे तुझ्यासाठी."

ओळ रे, म्हणायला तोंड उघडलं मी.
खिडकीत मे महिना,
कूलर सकाळपासून कोरडा.

राहू दिलं.
शिक्का मार, म्हटलं,
आणि लगेच मिटू नकोस.