निम्मं निम्मं

गितेगाच्या पलीकडे आमची छावणी.
इथे सगळं निम्मं निम्मं.
पन्नास ते, पन्नास आम्ही.
एखादा माणूस कमी पडला
तर तो त्यांच्यातला भरायचा की आमच्यातला
यावर तीन दिवस बैठक चालते,
आणि तोवर त्याच्या नावाचा घेवडा
रोज शिजत राहतो.

शस्त्रागाराला दोन कुलपं.
एक किल्ली माझ्या गळ्यात, एक मिबुरोच्या.
एकट्याने दार उघडत नाही.
शहाण्या माणसांनी कुठल्याशा थंड देशात बसून
ही युक्ती काढली म्हणतात.
युक्ती चांगलीय.
फक्त रात्री कूस बदलली की
वरून त्याची किल्ली किणकिणते,
खालून माझी,
आणि दोघेही जागे आहेत
हे दोघांना कळतं.

तो वरच्या पलंगावर, मी खालच्या.
म्हणजे या महिन्यात. पुढच्या महिन्यात उलट.
तसं लेखी आहे.
वरच्याला खालचा दिसत नाही.
खालच्याला वरचा दिसत नाही,
नुसती फळी वाकताना दिसते.
कोणती जागा जास्त वाईट
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो सरकारी फौजेत होता, मी रानात.
रुगोमाच्या टेकडीवर माझ्या बहिणीचं घर होतं.
राखेत दाराचा कडीकोयंडा तेवढा सापडला.
मिबुरोची तुकडी त्या वाटेने गेली होती का,
मी विचारलं नाही.
एका वळणावर आम्ही जो ट्रक अडवला
त्यात कोण कोण होतं,
त्याने विचारलं नाही.
तेही निम्मं निम्मं झालं म्हणायचं.

कर्नल म्हणतात, आता वाटायचं काही उरलं नाही.
हुद्दे वाटले, बूट वाटले,
खिडकीजवळच्या जागासुद्धा वाटल्या.
खरंय.
भीती तेवढी वाटून देता येत नाही.
ती नुसती वाटते.
ज्याची त्याला, अख्खी.

मार्चातली गोष्ट. वीज गेलेली.
छपराचा पत्रा असा धाडकन् वाजला
की माझ्या पाठीला
सगळी वर्षं एकदम आठवली.
कसली किल्ली, कसला करार!
मी पलंगाखाली होतो.
मिबुरोही.
वरून तो कधी उतरला, देव जाणे.
तिथे आधीच माझी पत्र्याची पेटी,
उरल्या जागेत मावेल जेमतेम दीड माणूस.
त्याचं कोपर माझ्या बरगडीत.
त्याच्या तोंडाला ज्वारीच्या दारूचा वास,
माझ्याही असणारच,
संध्याकाळी सगळ्यांच्या नळ्या एकाच मडक्यात होत्या.
छाती कुणाची धडधडतेय
अंधारात वेगळं काढता येईना.

पुन्हा एकदा धाड्.
मग काहीतरी घरंगळत गेलं.
बऱ्याच वेळाने मिबुरो पुटपुटला,
'ॲव्होकाडो.'
'झाड कुणाच्या बाजूचं?' मी विचारलं.
तो हसला की त्याला उचकी लागली
मला कळलं नाही.

तुम्हाला वाटेल, सकाळी आम्ही ते फळ चिरून
अर्धं अर्धं खाल्लं.
छे. फुटलं होतं, मुंग्या लागल्या होत्या.
आम्ही दोन किल्ल्या फिरवल्या, बंदुका मोजल्या,
वहीत लिहिलं: रात्री विशेष काही नाही.
खाली दोन सह्या.
आणि त्या रात्रीही मी
तोंड दाराकडे करूनच झोपलो.

रजेवर निघाला तेव्हा त्याने किल्ली
नियमाप्रमाणे त्याच्या बाजूच्या माणसाकडे दिली.
मला दिली असती तर
मीच घाबरलो असतो.
दारात वाकून बुटाची नाडी बांधताना,
माझ्याकडे न बघता, म्हणाला,
'मी येईपर्यंत ती तुझी पेटी
पलंगाखालून काढून ठेव.'

पेटी जड आहे.
तिच्यात तो कडीकोयंडा आहे.
अजून तिथेच आहे पेटी.
काल वीतभर सरकवली.